यादीत नसलेलं घर

मित्रांनो, मी एक जुना निळा डबा आहे. माझा जाड पट्टा आणि घट्ट झाकण बघून बसमधले लोक विचारतात, "कुल्फी हाय का, राव?" पण मी लशीचा डबा आहे. माझ्या पोटात बर्फाच्या चार चपट्या बाटल्या उभ्या राहतात आणि त्यांच्या मधोमध लशीच्या इवल्याशा कुप्या. सकाळी भरलेला गारवा संध्याकाळपर्यंत टिकवायचा, एवढंच माझं काम. त्यामुळेच मी स्वभावाने उतावळा झालो असेन. बर्फाचं पाणी व्हायला लागलं की मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, गरम साच्यात झाला. माझ्यासारखे दोनशे भाऊ एका ट्रकमध्ये रचून निघाले. कोण कुठे गेला, मला माहीत नाही. मी आलो आंबेगाव तालुक्याच्या डोंगरात, तळेघरच्याही आत, एका आरोग्य उपकेंद्रात. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत सिस्टरचं बिऱ्हाड आणि मधे एकच दार. त्या दाराशेजारच्या फळीवर मला जागा मिळाली. फळीवरून मला दोन्हीकडचं दिसायचं.

सिस्टरचं नाव यशोधरा. मूळच्या जुन्नरच्या. त्यांचे पती बुद्धभूषण जुन्नरला मोटारसायकलच्या शोरूममध्ये मेकॅनिक होते. ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे निघून जायचे. बाळंतपणाची रजा आणि तिला जोडलेली रजा संपवून यशोधराबाई कामावर परतल्या, तेव्हा त्यांची मुलगी प्रतीक्षा दहा महिन्यांची होती. तिला सांभाळायला सासूबाई आक्काबाई जुन्नरचं घर सोडून डोंगरात आल्या. यशोधराबाई त्यांना आत्या म्हणत.

मित्रांनो, त्या घरात सकाळ कशी उजाडायची ते सांगतो. कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच पुढच्या दारावर थाप पडायची. कुणाला विंचू चावलेला, कुणाची सून कळा देत असलेली. सिस्टर कणकेचा हात धुऊन पुढे यायच्या, परत जाईपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने टॅबलेटवर माहिती भरणं चालायचं. नेट नसलं की त्या ताट तसंच ठेवून आवारातल्या दगडावर जाऊन उभ्या राहायच्या.

"नोकरी हाय का काय हाय ही," आक्काबाई म्हणायच्या. "दार लावून घे की जरा."

"आत्या, दाराला कडी आहे, पण आजाराला नाही ना," सिस्टर हसून म्हणायच्या. ते हसू मला दरवेळी थोडं घाईचं वाटायचं.

एकदा छोट्या प्रतीक्षाने माझं झाकण उघडून आत अर्धी चपाती ठेवली. लस भरून घ्यायला गेल्यावर ती थेट मोठ्या दवाखान्याच्या शीतखोलीत निघाली. तिथल्या साहेबांनी चपाती चिमटीत धरून विचारलं, "सिस्टर, ही कुठल्या रोगावरची लस?" सगळे हसले. यशोधराबाईही हसल्या. परतीच्या वाटेवर मात्र सकाळी आपण नेमकं काय काय विसरलो, हे त्या बोटांवर मोजत होत्या.

आता मी त्या बुधवारचं सांगतो.

दिवाळी होऊन गेली होती. खाचरांत भात कापून पडलेलं आणि वाडीवाडीत झोडणी चाललेली. डोंगरापलीकडच्या एका वस्तीत चार मुलांना गोवर निघाला होता. म्हणून सिस्टर आणि आशाताई मंगल मला घेऊन वरच्या वाडीला निघाल्या. तिथे दहा-बारा मुलांना गोवराची लस द्यायची होती. रस्ता संपला की पुढे अर्धा तास उभी चढण. ऊन वाढत चाललं होतं आणि माझा जीव बर्फात अडकलेला.

समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी सिस्टरनी पहिली कुपी फोडली, पाण्यात लस विरघळवली आणि कुपीवर वेळ लिहिली. ही लस एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. पहिल्या मुलीला सुई देऊन झाली. मग वृषाली नावाची तरुण आई आपल्या दहा महिन्यांच्या पप्पूला घेऊन पुढे आली. तेवढ्यात खळ्यावरून तिचे सासरे भिमाजी अंगावरचा भुसा झटकत आले.

"थांब गं," ते म्हणाले. "मागल्या सुईला पोरगं दोन दिस तापानं फणफणलं. ह्या बाई सुई टोचून खाली जात्यात, ताप आमी काढतो. सुनेचं दोन दिसाचं काम बुडालं."

"बाबा, सुईचा ताप दोन दिवसांत जातो," सिस्टर म्हणाल्या. "गोवर झाला तर पोराच्या जिवावर बेततं. पलीकडे चार पोरांना निघालाय."

"तुमच्या पोरीला दिली का ही सुई?"

"दिली की."

"मग दावा कार्ड. आमची कार्डं रोज बघताय, आज तुमचं आमी बघतो."

सिस्टरना राग आला नाही. त्यांनी पर्समधून प्रतीक्षाचं लसीकरणाचं कार्ड काढलं आणि पुढे केलं. भिमाजींना वाचता येत नव्हतं, त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं. वृषाली बारावी शिकलेली. तिने कार्डावरून बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "सोळाव्या महिन्याच्या खान्यात काहीच लिवलं न्हाई."

यशोधराबाईंनी कार्ड हातात घेतलं. पहिल्या वर्षाच्या सगळ्या सुया जुन्नरला झाल्या होत्या, त्यांच्या तारखा होत्या. पुढची, गोवराच्या दुसऱ्या सुईची चौकट कोरी होती. प्रतीक्षा वीस महिन्यांची झाली होती. सुईची वेळ आली त्या आठवड्यात तिला सर्दी-ताप होता. पुढच्या बुधवारी दुसऱ्या वाडीचं सत्र, मग घोडेगावचं प्रशिक्षण, मग पोलिओचा रविवार. आणि दर महिन्याला निघणाऱ्या यादीत तिचं नाव कधी आलंच नाही. यादी गावातल्या घरांवरून बनते. उपकेंद्र हे गावाच्या दृष्टीने घर नव्हतं, कार्यालय होतं.

मित्रांनो, पेन त्यांच्या बोटांतच होतं. एक तारीख लिहिली असती तर कुणाला कळलं असतं? मी टेबलावरून बघत होतो. पेनाचं टोक कार्डाच्या अगदी जवळ आलं. मग त्यांनी टोपण लावलं.

"नाही दिली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मला वाटलं दिली. राहून गेली."

कुणीतरी मागे हसलं. दोघी आयांनी पोरं कडेवर उचलली. मंगल कानाशी लागून पुटपुटली, "आजारी व्हती म्हणून सांगा ना."

"आजारी एक आठवडा होती, मंगल. चार महिने नव्हती."

मग त्या भिमाजींकडे वळल्या. "बाबा, माझ्या मुलीला इथं बोलावते. ह्याच बाटलीतली सुई तुमच्यासमोर देते. तोवर थांबाल?"

भिमाजींनी उन्हाकडे पाहिलं. "थांबू. पर लई येळ न्हाई. झोडणी पडलीया."

वाडीत फोन फक्त एका कातळावर लागायचा. सिस्टर मला खांद्याला अडकवूनच तिकडे धावल्या, मला सोडून जायची त्यांना परवानगी नव्हती.

"आत्या, प्रतीक्षाला घेऊन वरच्या वाडीला या."

"वर? मी? माझं गुडघं काय म्हणत्यात म्हाईत हाय ना तुला?"

"आत्या, माझं चुकलं. तिची गोवराची दुसरी सुई राहिली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आक्काबाई म्हणाल्या, "येते."

त्यानंतरचे अडीच तास मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. माझ्या आत बर्फ कडेने सुटायला लागला होता. बारा वाजले, एक वाजला. आया दोनदा खाचरात जाऊन परत आल्या. सिस्टर टेबलापासून वळणापर्यंत जायच्या, खाली बघायच्या, परत यायच्या, कुपीवरची वेळ वाचायच्या. मंगलने आणलेली भाकरी त्यांनी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. दोन वाजले.

मंगलच्या नवऱ्याने आक्काबाईंना मोटारसायकलवरून रस्ता संपेपर्यंत आणून सोडलं होतं. त्याची झोडणीची माणसं खोळंबली होती, तो तिथूनच मागे फिरला. पुढची चढण त्या एकट्या चढल्या, वीस महिन्यांची नात कडेवर घेऊन, दर दहा पावलांना बसत. वळणावर त्यांचं डोकं दिसलं आणि सगळ्यांत आधी वृषाली धावली. तिने प्रतीक्षाला घेतलं. आक्काबाई ओट्यावर आल्या आणि टेकल्या. भिमाजी घरात गेले आणि स्वतः तांब्या घेऊन आले.

पाणी पिऊन झाल्यावर आक्काबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पावणं, तुमी म्हणता ताप आमी काढतो. खरं हाय. ही तुमची पोरं बघती अन् हिची पोर मी बघते. पर मी तरी कवा इचारलं हिला, सुई झाली का म्हणून? नुसतं दूध उतू गेल्यालं मोजत बसले."

भिमाजींनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

यशोधराबाईंनी मुलीला मंगलच्या मांडीवर दिलं आणि दंडावर सुई टोचली. रडण्याआधी प्रतीक्षा क्षणभर आईकडे नुसती बघत राहिली. आईनेच दुखवावं, हे तिला कळेना. मग तिने जो सूर लावला, तो साऱ्या वाडीने ऐकला. सिस्टरनी कार्डाच्या कोऱ्या चौकटीत तारीख लिहिली आणि कार्ड भिमाजींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, जणू वाचता येत होतं.

वृषालीने सासऱ्यांकडे न बघताच पप्पूला पुढे केलं.

"अन् ताप आला तर?" भिमाजींनी विचारलं, पण आता त्यांचा आवाज वेगळा होता.

सिस्टर माझ्याकडे बघू लागल्या. मला संध्याकाळच्या आत खाली पोचवणं भाग होतं. उरलेल्या कुप्या परत द्यायच्या होत्या. त्यांना थांबता येणार नव्हतं, आणि हे त्यांनी अजून सांगितलंही नव्हतं, तोच आक्काबाई म्हणाल्या, "मी ऱ्हाते की आज हितं. माझी नात बी हितंच ऱ्हाईल. दोन्ही पोरांचा ताप मी न् वृषाली मिळून काढू. मला काय, आता तसं बी उतरवत न्हाई."

तीनला पाच मिनिटं कमी असताना त्या कुपीतला शेवटचा डोस गेला. मग दुसरी कुपी फोडावी लागली, कारण खाचरातून आणखी तिघी आल्या.

उतारावर सिस्टर इतक्या भरभर चालत होत्या की मंगलला पळावं लागलं. दर वळणावर त्या मागे वळून वाडीकडे बघत. मोठ्या दवाखान्यात कुप्या परत केल्या, सह्या झाल्या. घरी येऊन त्यांनी सवयीने तिघींचा भात टाकला आणि कुकर लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या वर गेल्या आणि नऊ वाजता सासू-मुलीला घेऊन परतल्या, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर चार माणसं बसलेली होती. दोन्ही मुलांना थोडा ताप येऊन उतरला होता.

शनिवारी बुद्धभूषण आले. आक्काबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "तुझी पोरगी हाय ना ती? तिच्या सुईची तारीख तुला म्हाईत व्हती का?"

"मला वाटलं, घरातच सिस्टर आहे म्हटल्यावर..." ते म्हणाले. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी शोरूमच्या मालकांना विनवून आपली सुट्टी रविवारऐवजी बुधवारी करून घेतली. लशीच्या दिवशी स्वयंपाक आणि मुलगी त्यांच्याकडे. तेव्हापासून त्या घराला एकत्र रविवार मिळाला नाही. तो बुधवारही पुरा एकत्र नसायचा, कारण ते घरी असायचे तेव्हा सिस्टर माझ्यासोबत डोंगरात असायच्या. ही तडजोड कुणालाच आवडली नव्हती, पण ती टिकली. आणि मंगलने नव्या सर्वेक्षणात शेवटच्या घराखाली एक ओळ वाढवली: उपकेंद्र, माणसं चार.

मित्रांनो, पुढे त्याच वाडीने शाल-नारळ देऊन सिस्टरचा सत्कार केला, तेव्हा टेबलावर मीही होतो. माझ्यावरही कुणीतरी कुंकवाचं बोट लावलं. तो माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. नंतर माझ्या आत बुरशी धरली, ओलीने झाकणाची कडी मोडली, गारवा टिकेना, आणि माझ्या जागी नवा डबा आला. आता मी माळ्यावर आहे. माझ्यात जुन्या नोंदवह्या ठेवल्यात. खालून अजून शिट्ट्या ऐकू येतात, थापा ऐकू येतात, आणि मी उगीचच अस्वस्थ होतो.

तुम्हाला एक सांगतो. माझ्यासारख्या डब्याला काम संपल्यावर लगेच बंद करून ठेवायचं नसतं. आतलं पाणी पुसून, झाकण उघडं टाकून, सावलीत निवांत वाळू द्यायचं असतं. तसं केलं नाही तर आत बुरशी धरते आणि डबा वेळेआधी मोडतो. माझं तसंच झालं, कारण वाळवायला कुणाला वेळच नसायचा. आज संध्याकाळी तुमच्या घरी कामावरून जे कुणी येईल, आई, बाबा, कुणीही, त्यांना दारातच काही मागू नका. आधी पाणी द्या आणि थोडा वेळ नुसतं बसू द्या.