कॅप्टन शमुवेल भालेराव यांची माणसं

वडील गेल्यावर श्रद्धा भालेरावने घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. पणजोबा नगरकडून पुण्यात येऊन ख्रिस्ती झाले, तिथपासूनची नावं तिने जुळवत आणली. तिचे काका, कॅप्टन शमुवेल, एकाहत्तरच्या लढाईत गेले. लग्न झालेलं नव्हतं. आजीला तारेने फक्त मुलगा गेल्याचं कळलं होतं. तो कसा गेला, हे ती मरेपर्यंत विचारत राहिली.

कॅम्पातल्या त्यांच्या चर्चमध्ये काकांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. त्यांच्या जन्माचं साल पडताळायला श्रद्धा डिसेंबरात एका सकाळी कोथरूडहून तिथे गेली. पाटीसमोर फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे होते. त्यांची बायको पाटीखाली झेंडूची फुलं ठेवत होती.

आपण कोण, असं श्रद्धाने विचारलं. ते धायरीचे गेनबा पोकळे, बायको गोदाबाई. गेनबा काकांच्याच पलटणीत शिपाई होते. ही साहेबांची पुतणी, हे कळल्यावर त्यांनी तिलाही हात जोडले. ते बाकावर बसले आणि सांगू लागले.

मांडीत गोळी लागून ते उसाच्या शेतात पडले होते. कॅप्टनसाहेब सरपटत आले आणि त्यांना ओढत खंदकापर्यंत घेऊन गेले. मग दुसऱ्या जखमीला आणायला पुन्हा उसात शिरले.

"जाताना काही बोलले का?" श्रद्धाने विचारलं.

"‘झोपू नकोस गेनबा, मी आलोच,’ म्हनले. म्या उजाडंस्तवर जागा ऱ्हायलो, ताई. साहेब काय आलं न्हाईत."

दवाखान्यातून सुटल्यावर ते साहेबांचं घर शोधत रास्ता पेठेत आले होते. पण भालेराव तिथून दुसरीकडे राहायला गेले होते आणि नवा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाने या चर्चच्या रंगकामाचं कंत्राट घेतलं, तेव्हा त्याने पाटीवरचं नाव वाचलं आणि घरी येऊन सांगितलं.

पुढच्या रविवारी गोदाबाईंनी श्रद्धाला जेवायला बोलावलं. घरात तीन मुलगे, सुना, नातवंडं. थोरल्याचं नाव श्याम. पलटणीत साहेबांना सगळे शामसाहेब म्हणायचे, त्यावरून ठेवलेलं. श्याम तिला वाढत होता आणि श्रद्धा एकेकाचं नाव विचारून घेत होती.

घरी येऊन तिने काकांच्या नावाखाली पोकळ्यांची सगळी नावं लिहिली आणि बंगळुरूला भावाला फोन केला. वंशावळीत रक्ताचीच माणसं असतात, असं शुभंकरचं म्हणणं पडलं.

"काकांनी रक्त यांच्यासाठीच सांडलं रे," ती म्हणाली.

मग त्याने नातवंडांची नावं विचारली.

श्रद्धाने चर्चमध्ये ठेवलेल्या काकांच्या स्मरणाच्या उपासनेला शुभंकर आला. पोकळ्यांचं सगळं घर टेम्पोतून आलं आणि भालेरावांच्या शेजारी बसलं. पाळकांनी गेनबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले आणि त्यांनी गोदाबाईंना खूण केली. तेव्हा गोदाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"आमचं लगीन ठरल्यालं व्हतं," त्या म्हणाल्या. "साहेबांनी ह्यांना माज्यापाशी माघारी धाडलं. त्यांच्या आईला मला हे सांगायचं व्हतं. ती न्हाई, म्हून तुमाला सांगते."

श्रद्धा उठून त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले. पुढचं गीत सुरू झालं तरी दोघी तशाच उभ्या होत्या.