लाल केसांच्या साहेबाची फीत

रिपोर्ट सापडला तो प्रेसमध्ये. आयर्लंडात कपाटाला प्रेस म्हणतात, आणि सहा वर्षांत विभावरीच्या तोंडातही तोच शब्द बसला होता. रविवारी आईच्या धुतलेल्या साड्या वरच्या खणात ठेवायला गेली, तर इरकलीच्या घडीतून एक निळा लिफाफा खाली पडला. पुण्याच्या लॅबचा. तारीख आई इथे यायच्या आधी तीन आठवड्यांची. विभावरीची नोकरी चेरीवूडच्या सॉफ्टवेअर कंपनीत, त्यामुळे त्यातलं निम्मं तिला कळलं नाही. पण शेवटच्या ओळीतला शब्द कुणालाही कळला असता.

तिने फोटो काढून आशिषला पाठवला. तिचा नवरा पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर, ड्युटीवर असताना कधी फोन न करणारा. दहाव्या मिनिटाला त्याचा फोन आला.

"स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. बराच पुढे गेलाय," तो म्हणाला. दोन महिने डब्लिनजवळ ओंगारच्या घरात सासूबाईंचा घोगरा आवाज ऐकून ह्याच शहाण्याने 'ओंगारची थंडी बाधली' असं निदान करून आलं-मध दिलं होतं. ते त्यालाही आठवलं असणार.

आई खिडकीशी बसली होती. लीलावतीबाई, वय शहात्तर. एके काळी पाटण तालुक्यात त्यांचं आणि नवऱ्याचं शाहिरी पथक होतं. बाईमाणसाने डफ घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते त्या काळच्या लोकांना विचारा. आता त्यांचा श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती.

विभावरीने लिफाफा पुढे धरला. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"म्हाईत हाय मला. वाचून दावला हुता डाक्टरनं."

"मग लपवलंस का? इकडे कशाला आलीस?"

"तितं ऱ्हायले असते तर कापलं असतं त्यांनी. तू आली असतीस का, आपरेशन करू नगा म्हनायला? न्हाई ना? मग."

पुढच्या दोन दिवसांत आशिषने पुण्याच्या सर्जनशी बोलून घेतलं. आई इथे पाहुणी म्हणून आलेली, तेव्हा ऑपरेशन तिकडेच करावं लागणार होतं. अख्खं स्वरयंत्र काढायचं, मानेला भोक ठेवायचं, श्वास तिथून. आवाज जाणार, कायमचा. नाही केलं तर श्वासाची वाट बंद व्हायला दोन महिनेही लागणार नाहीत, आणि पंधरा दिवसांनी तिला विमानात बसवणंही धोक्याचं. पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली, रविवारची तिकिटं निघाली, विभावरीने रजा टाकली. सगळं जुळून आलं. फक्त पेशंट म्हणाली, "मी येनार न्हाई."

"आई, मरशील तू."

"मरंन की. गळ्यासकट मरंन."

विभावरीने समजावलं, रागावली, रडली. चौदा वर्षांची लेक रुचा जिन्यात उभी राहून "इज आजी ग्रँड?" म्हणजे आजी बरी आहे ना, असं विचारत होती, तिला वर पिटाळलं. शेवटी विभावरीने तिच्या मते हुकमाचं पान टाकलं.

"तुझा आवाज जाणार कुठे? तीन सिनेमांत आहे तो! मागच्या गणपतीत अख्ख्या मराठी मंडळाला दाखवलं मी. लोकांनी वन्स मोअर दिला."

ते खरं होतं. साठच्या दशकातले ते तीन कृष्णधवल सिनेमे. जत्रेच्या किंवा पाटलाच्या वाड्यापुढच्या प्रसंगात एक शेलाटी पोरगी डफावर थाप मारते, मान मागे टाकते आणि गाते. विभावरीने लहानपणापासून ते तुकडे मिरवले होते, शाळेत, कॉलेजात, ऑफिसात. दर वेळी आई जागची उठून आत निघून जायची. विभावरीला वाटायचं, लाजते.

आईने मान हलवली. मग म्हणाली, "त्यो आवाज माजा न्हाई."

"म्हणजे?"

"मुंबईच्या एका बाईचा हाय. रेडिओवर गायची. मला आदी कोल्हापुरास्नं नेलं मुंबैला, माईकफुडं हुबं केलं. मी तोंड उगाडलं आन् मशीनवाला कानावरचं काडून वरडला, बाईचा आवाज फुटतोय. मागं सर म्हनला. मागं सरले. आनि मागं. पार दारात गेले, तरी फुटतोय म्हनं." ती थांबली. श्वास वाजला. "मग त्या बाईनं गायलं, आन् मी निस्ते व्हट हलवले. तिन्ही बारीला. गावात कुनाला म्हाईत न्हाई. तुज्या बापाला ठावं हुतं, त्यो गेला."

विभावरीच्या लक्षात आलं: आयुष्यभर आपण आईला दुसऱ्या बाईचा आवाज वाजवून दाखवला, वर टाळ्या घेतल्या.

"माजा आवाज हितं हाय," लीलावतीबाईंनी गळ्यावर बोट ठेवलं, "दुसरीकडं कुटंच न्हाई. बिघडला तरी हाय. त्यो कापून टाकू म्हनतीस?"

मग त्यांनी कंबरेची पिशवी सोडून सिगारेटच्या पाकिटाचा एक तुकडा काढला. इतका जुना, की घडीवर पारदर्शक झालेला. त्यावर निळ्या शाईत इंग्रजीत एक नाव आणि खाली डब्लिनचा पत्ता. ही गोष्ट विभावरीने शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा सोडून दिली होती: कोयनेच्या भूकंपानंतर एक लाल केसांचा साहेब टीव्हीसाठी फिल्म काढायला आला होता, त्याने छावणीत आईचं गाणं 'खरं खरं' भरून नेलं. तेव्हा महाराष्ट्रात टीव्ही म्हणजे काय तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"त्यानं मशीन लांब ठिवलं हुतं, झाडाखाली. म्हून फुटलं न्हाई," आई म्हणाली. "ते एकदा ऐकव मला. मग तू म्हनशील तितं मुंडकं ठिवते."

म्हणजे आई ऑपरेशन टाळायला आली नव्हती नुसती. ती आपला आवाज शोधायला आली होती, आणि दोन महिने लेकीला ऑफिसातून सवड मिळायची वाट बघत खिडकीत बसली होती. विभावरीला स्वतःच्या दोन कानाखाली वाजवाव्याशा वाटल्या.

मंगळवारी दुपारपासून तिने ईमेलचा आणि फोनचा सपाटा लावला. टीव्हीच्या जुन्या फिती सांभाळणाऱ्या एका संस्थेतून बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं. त्या नावाच्या माणसाची, अडुसष्ट सालची, भारतातल्या भूकंपावरची बारा मिनिटांची फिल्म त्यांच्याकडे आहे. गुरुवारी अकराला या.

ग्रॉन्या नावाची पन्नाशीची बाई तिथे होती. तिने लीलावतीबाईंना स्वतःची खुर्ची दिली, एक शाल त्यांच्या गुडघ्यावर पसरली आणि पडद्यावर फिल्म सुरू केली. भेगाळलेली घरं. पत्र्याच्या शेडी. रांगेत उभी पोरं. आणि आठव्या मिनिटाला ती आली. एकोणीस वर्षांची, केसांत धूळ, हातात डफ. मागे तुणतुणं घेतलेला मोरेश्वर, विभावरीचा बाप, मिसरूड फुटलेला. पोरीने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि त्यातून एका आयरिश पुरुषाचा आवाज आला.

निवेदक बोलत होता. पोरगी गातच होती, गळ्याच्या शिरा ताठ दिसत होत्या, आणि निवेदक तिच्या अंगावरून शांतपणे बोलत चालला होता. खाली कुठेतरी, शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसं काहीतरी होतं. ते बाईचं की बाप्याचं, तेही कळत नव्हतं. चाळीस सेकंदांनी ती गेली आणि पडद्यावर बैल आले.

"ह्यो कोन मुडदा बोलतुया?" लीलावतीबाईंनी विचारलं. "काय म्हनतुया?"

खोटं बोलावं, कौतुक करतोय म्हणावं, असं विभावरीच्या अगदी ओठावर आलं. पण खोट्या आवाजांनी आईचं काय केलं, ते तिने परवाच ऐकलं होतं.

"म्हणतोय, ही साधीभोळी माणसं धरणीमातेची प्रार्थना करताहेत."

"प्रार्थना? छावनीचं पत्रं खाल्लेल्या कंत्राटदाराला शिव्या घातलेलं गानं हाय ते!" आई हसायला गेली आणि तिला खोकला आला. तो थांबेना. ग्रॉन्याने पाणी आणलं, ते तिने हाताने बाजूला सारलं. खोकला थांबल्यावर ती उठून उभी राहिली. "चल. झालं."

तेव्हा विभावरीचा धीर सुटला. इतकी वर्षं मीटिंगांमध्ये घडीदार इंग्रजी बोलणारी बाई अनोळखी माणसापुढे हात जोडून रडली. माझ्या आईचा गळा मंगळवारी काढणार आहेत, ती तयार नाही, तिला तिचा आवाज एकदा ऐकायचा आहे, काहीही बघा, कुठेही बघा. ग्रॉन्याने सगळं ऐकून घेतलं. त्या काळी आवाज वेगळ्या टेपवर भरायचे, ती म्हणाली, चित्र वेगळं, आवाज वेगळा. आमच्याकडे तळघरात न पाहिलेली खोकी आहेत. बसा.

पन्नास मिनिटं दोघी बसल्या. विभावरीने न मानलेल्या देवांनाही नवस बोलून घेतले.

ग्रॉन्या आली ती एक पुठ्ठ्याची डबी घेऊन. वर साहेबाचं नाव, 'कोयना', आणि तारीख. तिने टेप जुन्या यंत्रावर चढवली. आधी नुसती खरखर. लांब कोंबडा आरवला. मग अगदी जवळून, जणू ह्याच खोलीतून, एका तरण्या पुरुषाचा आवाज आला.

"लीले, आदी पानी पी. घसा कोरडा पडलाय तुजा."

आणि पोरीचा आवाज, ठणठणीत, उतावळा. "गप रं! मानसं थांबल्यात."

डफावर एक थाप. आणि 'जी' असा एक स्वर उठला, वर चढला, अजून चढला, आणि खट्ट आवाज होऊन हजारो माणसांचा गलका सुरू झाला. एक माणूस घाईघाईने हर्लिंग ह्या आयरिश खेळाच्या सामन्याचं वर्णन करत होता. कुणीतरी गोल केला होता.

ग्रॉन्याने टेप पुढे पळवली. सामना. आणखी पुढे. सामना. दुसऱ्या अंगाला बँडचं संगीत. ती लाल होऊन म्हणाली की तेव्हा टेपा पुसून परत वापरायचे, सगळेच वापरायचे, आणि तिने अशी माफी मागितली, की जणू तिनेच जाऊन तो सामना त्यावर भरला होता.

"परत लाव," लीलावतीबाई म्हणाल्या. परत लावलं. अकरा सेकंद. पाचदा ऐकल्यावर त्यांनी हात वर केला. "बास."

ग्रॉन्याने ते अकरा सेकंद विभावरीच्या फोनवर पाठवले होते. शुक्रवारभर आणि शनिवारभर फोन आईकडे, रुचाचे हेडफोन आईच्या कानात, आई खिडकीत. विभावरीच्या मनातून मात्र एक वेगळीच गोष्ट जात नव्हती. आईने बाबांना 'रं' म्हटलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या आठवणीत नेहमी 'आवं' होतं, आणि पदर सावरणं. ही कोण पोरगी होती, माणसं थांबल्यात म्हणून नवऱ्याला गप्प करणारी? ती आपल्याला कधी भेटलीच नाही.

शनिवारी तिने आईची बॅग उघडून खोलीत ठेवली. रविवारी सकाळी ती तशीच रिकामी होती. दुपारी तीनचं विमान. दहा वाजता आशिषने दारात येऊन घड्याळाकडे बघितलं आणि परत गेला.

विभावरी आईच्या पायाशी फरशीवर बसली. समजावायचं सगळं संपलं होतं.

"आई, ते गाणं नाही मिळालं. मी नाही देऊ शकले तुला. जगात कुठेच नाही ते, कबूल. पण मला गाणं नकोय गं, मला तू पाहिजेस. घरात नुसती फिरत राहा. एक अक्षर बोलू नकोस. मला चालेल. मला तूच लागतेस." तिने आईच्या गुडघ्यात तोंड खुपसलं. तिला वाटलं होतं आई डोक्यावरून हात फिरवेल. आईने गुडघे बाजूला घेतले आणि ती उठून गेली.

किचनमध्ये नळ वाजला. विभावरी मागोमाग गेली. आई सिंकपाशी उभी राहून पेला तोंडाला लावत होती. गिळताना दुखायचं, प्रत्येक घोटाला डोळे मिटायचे. तरी तिने तो पेला खालपर्यंत संपवला. मग तो पालथा घातला.

"त्या दिशी प्याले न्हाई," ती म्हणाली. "तसंच गायलं. राती रगात आलं गळ्यातनं, तर रातभर उशाशी बसला हुता बिचारा. मी गान्यासाटी आले हुते हितं. मिळालं त्येचंच बोलनं." तिने तोंड पुसलं. "सत्तावन वरसं ते मानूस पानी पी म्हनतंय. आन ती बॅग."

आशिष गाडी चालवत होता, रुचा पुढे, मागे आई आणि विभावरी. ओंगार सुटलं. आईने विभावरीचा हात धरला होता. जरा वेळाने ती फाटक्या आवाजात म्हणाली, "विभे."

"काय गं?"

"काय न्हाई."

मग पुन्हा. "विभे."

"दुखतंय का? गाडी थांबवायची?"

"न्हाई गं. म्हनून घेतीया." आई खिडकीबाहेर बघत होती. "मंगळवारपस्तोर."

विमानतळ येईपर्यंत आई हाका मारत राहिली, आणि विभावरीने प्रत्येक हाकेला ओ दिली.