हाक

ठमी सोळा महिन्यांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. तिची आई जाऊन आठ महिने झाले होते.

लस टोचताना नर्सबाईंनी विचारलं, हाक मारली की वळते का? मी हो म्हणालो. खरं तर मला ठाऊक नव्हतं. पाळणाघरातल्या बाई म्हणत, एवढ्या गोंगाटात कोण बघतंय. आणि घरी मी हाक मारतच नव्हतो. नर्सबाईंनी मंगळवारी कान तपासायला बोलावलं.

वीस वर्षं मी यंत्रमागावर कामाला आहे. शंभर माग धडधडतात, तिथे बोलून उपयोग नसतो. बोट फिरवलं की चालू कर, मूठ आवळली की थांब. बायको म्हणायची, ‘तोंड कारखान्यातच ठेवून येता का?’ दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ठमीला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक वाचायची. ती गेल्यावर मीही रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसायचो. चित्रावर बोट ठेवायचं, हाताने खूण करायची, पान उलटायचं. मला वाटायचं, मी वाचून दाखवतोय.

त्याआधीच्या रविवारी मेव्हणी आली. दारात उभी राहून तिने हे सगळं बघितलं.

“भाओजी, ती शिकणार कुणाकडून? भिंतींकडून?”

पोर बहिरी असेल तर नशीब, नसेल तर माझी करणी. एक हाक मारली असती तर कधीच उलगडा झाला असता. पण ती वळली नसती तर?

मेव्हणीने ठमीला पलीकडे नेऊन पाठमोरं बसवलं आणि मला म्हणाली, वाचा. मी पहिलं पान उघडलं.

“मांजर,” मी म्हणालो. मागावरच्या माणसाचा आवाज तो, ओरडल्यासारखाच निघाला.

ठमी दचकली. वळून माझ्याकडे बघितलं आणि तिने भोकाड पसरलं.

“येतंय ऐकू,” मेव्हणी डोळे पुसत म्हणाली. “पण हळू हो, भाओजी.”

ठमी मावशीच्या पदराआड लपली होती. तिथून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, परक्या माणसाकडे बघावं तशी. मी होतो तिथेच खाली बसलो.

“गाय,” मी हळू म्हणालो.

ती आली नाही. मी पान उलटलं. शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.