फाटकापाशी अडलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि अंगाला टोचणारी. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगता सांगता शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात, असे मी ऐकले आहे. मी तसे करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका विणकराने मला मेंढीच्या लोकरीतून विणले, चिंचोक्याची खळ लावून उन्हात कडक केले आणि म्हसाच्या जत्रेत विकायला आणले. तिथे डोंगरातल्या वाडीवरच्या एका तरण्या बाईने मला दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहिले.

"फाटंल का रं ही?"

"बाई, बैल बांधलास तरी फाटणार नाय."

"बैल नाय बांधायचा. माणूस वाहायचाय," ती म्हणाली आणि मला खांद्यावर टाकून चालू लागली.

तिचे नाव ठकी. ती वाडीची सुईण होती. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत एकच धड पायवाट होती. एखादी बाळंतीण अडली की ठकी माझी टोके बांबूला बांधून झोळी करायची. दोन गडी बांबू खांद्यावर घ्यायचे आणि ठकी बाईचा हात धरून शेजारून पळायची. रस्त्यावर गाडी मिळाली की मुरबाडचा दवाखाना. परत आल्यावर ती बाळाला न्हाऊ घालायची, बाळंतिणीला पेज करून द्यायची. मग घरी येऊन आपल्या जगनला आणि रुपाला कुशीत घेऊन माझ्यावर आडवी व्हायची. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि मोहाच्या तेलाचा वास यायचा. तो अजून माझ्यात आहे.

एकदा खालच्या गावची गोजर अडली. गाडी येईना. ऐनाच्या झाडाखाली, माझ्यावरच तिला मुलगा झाला. तो रडेना. निळा पडला होता. ठकीने त्याच्या तोंडात फुंकर घातली, माझ्या काठाने त्याचे तळवे घासले, घासतच राहिली. शेवटी तो रडला. ठकी त्याच्यासोबत रडली. त्याचे नाव आदेश ठेवले.

वर्षे गेली. ठकीची ठकीआजी झाली. घराघरात मऊ ब्लँकेटे आली आणि मी खुंटीवर गेले. नातवंडे म्हणायची, "आजी, टाक ना ती, टोचते." पण आजी दर उन्हाळ्यात मला झटकून ऊन दाखवायची. सापगावला दिलेली रुपा माहेरी आली की मायलेकी माझ्यावर बसून पहाटेपर्यंत बोलायच्या.

तिकडे आदेश जमिनींचे व्यवहार करू लागला. पायवाटेभोवतीची जमीन त्याने घेतली, फार्महाऊसचे प्लॉट पाडले आणि वाटेवरच लोखंडी फाटक बसवले. ठकीआजी मला खांद्यावर टाकून, काठी टेकत त्याच्याकडे गेली.

"बाला, फाटक लाव, पन कुलूप नको लावू रं. कोन आजारी पडला तं कुठून न्यायचा?"

आदेश मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "आजी, ओढ्याकडून वाट हाय ना. थोडा फिरून जा. आता कोन डिलिव्हरी घरी करतो?"

त्याने तिला बस म्हटले नाही. पाणी विचारले नाही. त्याच दिवशी मी मनात गाठ मारली.

एका दुपारी दळण निवडता निवडता आजी छाती धरून खाली बसली. जगनने खुंटीवरून मला ओढले. आयुष्यभर जिने इतरांना माझ्यात घातले, तिला पहिल्यांदा मी उचलले. किती हलकी होती ती!

फाटकाला कुलूप होते. जगनने हात जोडले. राखणदाराने आदेशला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आज पार्टी आलीय प्लॉट बघायला," आदेश म्हणाला. "त्यांच्यासमोरून झोळी नको. ओढ्याकडून न्या."

मंडळी ओढ्याकडे वळली. खडकांतून उतरताना आजीने माझा काठ मुठीत घट्ट धरला. म्हणाली, "जगन्या, सावकाश. तुजा पाय घसरंल." थोड्या वेळाने मूठ सुटली. ते आधी मला कळले. जगनला नंतर.

दिवसकार्याला खर्डीपासून माणसे आली. मांडवात फ्लेक्स लागला होता. कोपऱ्यात आजीचा छोटा फोटो, मध्ये हात जोडलेला मोठा आदेश. खाली 'मातृतुल्य ठकीआजींना अश्रुपूर्ण निरोप'. आदेश माइक घेऊन उभा राहिला. "आजीने मला जन्म दिला..."

"खाली ठेव तो माइक!" मला उराशी धरून बसलेली आजीची नात काजल ओरडली. "माझ्या आजीला फाटकातून सोडली नाय तुमी!"

आदेश म्हणाला, "थोडासाच तं फेरा होता."

तेव्हा त्याची आई उठली. गोजर. तिला हे ठाऊकच नव्हते. तिने काजलच्या हातातून मला घेतले आणि मुलासमोर टाकले.

"बस हिच्यात."

"आये, लोक बघतात."

"बघू दे. बस. तो थोडासा फेरा मला बघायचाय."

तो बसला. जगन आणि वाडीवरच्या नवसूने बांबू उचलला. आधी फाटकासमोरून, त्या दिवशीही प्लॉट बघायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोरून नेला. मग ओढ्यात. कोणीही सावकाश चालले नाही. मित्रांनो, माझी खळ कधीच निघून गेली होती, तरी त्या दिवशी मी प्रत्येक केसाने टोचले. खडकांवर त्याची पाठ आपटली की मला बरे वाटत होते. तो ओरडला, "थांबवा रे! आये, सांग ना!" गोजर मागून चालत राहिली.

आजी गेली त्या जागी त्याला उतरवले. "इथं," जगन म्हणाला, आणि सगळे त्याला तिथेच सोडून परत फिरले. बायांनी वाटेत फाटक उपटले आणि ओढ्यात लोटले.

आदेशने पुन्हा फाटक लावले नाही. वाडीवर येतो, मान खाली घालून बसतो. लोक त्याला चहा देतात. मी देणार नाही, कारण माझ्याजवळ चहा नाही; असता तरी दिला नसता.

बालमित्रांनो, तुमच्याही गावात एखादी ठकीआजी असेल. ती काही सांगायला दाराशी आली, तर मोबाइल खाली ठेवा, तिला बसायला द्या आणि तिचे म्हणणे पुरते ऐका. तिच्या फोटोला हार घालायला धावणारे पुष्कळ मिळतील. तिला वाट हवी असते, आणि ती जिवंत असतानाच हवी असते.