त्र्याहत्तरचे त्रेसष्ट

मी वजनाची मशीन. काटा म्हणा, मशीन म्हणा, मला फरक पडत नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद लोखंडी पाट, मागं एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला लाल आकड्यांचा डबा. मला तोंड नाही, आकडेच आहेत. पण यंदा एप्रिलात माझ्या अंगावर जे झालं, ते आकड्यांत सांगून होण्यासारखं नाही. म्हणून बोलतेय.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. तिथून टेम्पोत घातलं आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर आणून उभं केलं. पहिल्याच दिवशी माझ्यावर पन्नास किलोचं पोतं आदळलं. लाडबिड काही नाही. तिथंच मला आप्पा भेटले.

आप्पा साताऱ्याकडचे, तोलणार. तोलणार म्हणजे माल काट्यावर घेऊन वजन पुकारणारा माणूस. एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, दोघंही लबाड, आणि मधे हा. आप्पांचा आवाज असा की चार गाळे सोडून ऐकू जायचा. एकदा गाळ्याच्या शेठनं गप्पा मारता मारता पायाचा अंगठा माझ्या कडेवर टेकवला. आप्पांनी पुकारायचं थांबवलं. म्हणाले, "शेठ, पाय काढा. तुमचा अंगठा गिऱ्हाइकाला विकायचा नाहीये." शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माझी परीक्षा घ्यायला आप्पांनी दोन-दोन किलोची पाच लोखंडी वजनं ठेवली होती. रोज सकाळी ती माझ्यावर मांडायची, दहा दिसले की मगच धंदा सुरू. माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी ठेवला नाही.

पुढं गाळ्यावर नवी मशीन आली. माझ्या डब्याचा कोपरा फुटला होता, शेठ म्हणाला भंगारात टाका. आप्पांनी मला खांद्यावर घेतलं आणि कामोठ्याला तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. ती पाच वजनंही पिशवीत घालून आणली. त्यांची बायको राजाबाई दारातच म्हणाली, "घरात पाय ठेवायला जागा नाही आणि तुमी मशीन आणा. उद्या शेठला पण आणा, ऱ्हाऊ दे हॉलमध्ये."

तेव्हापासून मी बाल्कनीत. अंगावर कपड्यांचा टब. गावावरून तांदूळ आला की टब बाजूला व्हायचा, तेवढाच मान. कधीमधी बिल्डिंगमधल्या बाया यायच्या. बाईमाणूस माझ्यावर चढलं की आधी चप्पल काढतं, मग मोबाईल ठेवतं, मग श्वास रोखतं, आणि आकडा बघितला की म्हणतं, मशीन बिघडली वाटतं. पुरुष पोट आत घेतात. अरे, पोट आत घेतलं तरी ते तुमच्याबरोबर माझ्यावरच उभं असतं. जाऊ दे.

आता मुद्द्यावर येते.

आप्पांची धाकटी तेजश्री. ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. चार वर्षं तिनं शनिवार-रविवार पाहिला नाही, सण पाहिला नाही, पगारातलं सगळं नेऊन देशावरच्या एका फ्लाइंग क्लबात घातलं. एप्रिलात तिचं खासगी पायलटचं लायसन आलं. चार सीटचं छोटं विमान आता ती स्वतः चालवणार, घरच्यांना बसवून. राजाबाईनं पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी भांडण सुरू झालं. पहिली फेरी कुठं?

राजाबाई म्हणाली, "नवी गाडी आली की आधी देवाला नेतात. जेजुरीवर एक चक्कर मार. मी वरनं भंडारा उधळते."

"आई, विमानातून काही टाकता येत नाही."

"भंडारा हाय, दगड नाही."

थोरला रणजीत सोफ्यावर आडवा होता. पोरगा ऐसपैस, कुरिअरच्या ऑफिसात बसून बसून आणखी ऐसपैस झालेला. तो म्हणाला, "गोवा. डायरेक्ट गोवा. डोक्याला टेन्शन नाही."

"तुला खाऊन झोपायला गोवा कशाला पाहिजे," राजाबाई म्हणाली. "ते इथं पण जमतंय तुला."

आप्पा कोपऱ्यात खुर्चीवर होते. बाहेर अंगाची लाही होत होती आणि यांनी अंगात स्वेटर घातलेला. ते हळू म्हणाले, "गावाला."

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, कारण आप्पा सहसा काही मागत नाहीत.

"कराडला धावपट्टी आहे," ते म्हणाले. "तिथं उतरायचं. भावकी येईल बघायला. आपण चौघं उतरायचं. चौघं म्हणजे चौघं. आणि पावसाच्या आत. या महिन्यातच."

"आप्पा, घाई काय एवढी? दिवाळीत जाऊ."

"या महिन्यात," आप्पा परत म्हणाले. झालं. गाव ठरलं.

रविवारी सकाळी तेजश्री बाल्कनीत आली, टब काढला, मला पुसलं आणि हॉलच्या मधोमध ठेवलं. मला वाटलं तांदूळ आला. तर ही म्हणते, सगळ्यांनी उभं राहायचं. छोट्या विमानात वजनाला फार किंमत. किती माणसं, कुणाचं किती, ते आधी लिहून हिशोब करायचा, मग तेल भरायचं. कराडला जाऊन परत यायचं तेल धरलं तर माणसांना दोनशे नव्वद किलो. वर एक किलो नाही.

तेजश्री उभी राहिली, सत्तावन्न. राजाबाई देवाचं नाव घेऊन चढली, अठ्ठ्याहत्तर. खाली उतरून म्हणाली, "साडीचं वजन हाय." रणजीत चढला, एक्क्याण्णव. त्यानं साडीचं नाव घेतलं नाही, तेवढं शहाणपण आहे त्याला.

मग आप्पा. ते आतल्या खोलीत गेले होते. पाच मिनिटं लावली. आले ते स्वेटर, त्याखाली सदरा, चालणं जरा जड. माझ्यावर उभे राहिले. मी सांगितलं, त्र्याहत्तर.

"उतरलंय तुमचं," राजाबाई म्हणाली. "मागच्या वर्षी ब्याऐंशी होतं."

"वय झालं," आप्पा म्हणाले.

तेजश्रीनं बेरीज केली. दोनशे नव्व्याण्णव. नऊ किलो जास्त.

"मी राहतो घरी," रणजीत म्हणाला.

"चौघं," आप्पा म्हणाले. माझ्यावरून उतरले नव्हते अजून.

"मग जवळ कुठंतरी जाऊ ना आप्पा. जवळ म्हणजे तेल कमी, चौघं बसतो. गाव नंतर."

"गावच."

"अहो, मग नऊ किलो काय कापून काढायचे?" राजाबाई उठली. "ते स्वेटर काढा आधी. मे महिना तोंडावर आलाय आणि हे स्वेटर घालून. किलोभर तरी त्यातच जाईल."

आप्पा म्हणाले, "राहू दे." राजाबाईनं कुणाचं कधी राहू दिलंय? तिनं पुढं होऊन स्वेटर वर ओढला. आप्पांनी तिचा हात धरायला कमरेवरचा हात सोडला.

खाली काहीतरी पडलं. ठाण्णकन्. माझ्या आकड्यात एकाहत्तर.

मला वाटलं माझ्यात काहीतरी तुटलं. परत ठाण्णकन्, एकोणसत्तर. मग सदुसष्ट. पासष्ट. शेवटचं एक माझ्या पाटाच्या कडेवर आपटलं, घरंगळत सोफ्याखाली गेलं. त्रेसष्ट.

फरशीवर आप्पांचा पंचा पडला होता, एका टोकाला गाठ मारलेला, भोवती ती लोखंडी वजनं, चार इथं आणि पाचवं सोफ्याखाली. माझी परीक्षा घ्यायची. मी खरं बोलते की नाही ते बघायची.

मी खोटं बोलले नव्हते. त्र्याहत्तर होते ते त्र्याहत्तरच होते. पण माणूस तेवढा नव्हता. पंधरा वर्षं ज्यानं कुणाला माझ्यावर अंगठा टेकवू दिला नाही, त्यानं दहा किलो लोखंड कमरेला बांधून मला फसवलं. मला राग आला की रडू आलं ते मला अजून कळलेलं नाही. माझा आकडा तेवढा लागला होता, लाल, सगळ्यांच्या तोंडासमोर. मला तो विझवता येईना.

वर ओढलेला स्वेटर, त्याच्यासंगं सदराही, राजाबाईच्या हातात होता. खाली आप्पांच्या बरगड्या दिसत होत्या. एक एक मोजता आली असती.

 खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

"किती दिवस?" तेजश्रीनं विचारलं.

"खोकला हाय जरा. दोन महिने."

"आप्पा."

"सहा," आप्पा म्हणाले. "रात्री ताप येतो. घाम येतो."

राजाबाई फरशीवर बसली. "डबा रिकामा यायचा तुमचा," ती म्हणाली. "रोज रिकामा. मी धुवायची आणि म्हणायची, जेवतात बरं. माझी भाकरी कुणाला घातली तुमी?"

"पोरं असतात हमालीला. जात नव्हती मला."

"आणि डॉक्टर?"

आप्पांनी माझ्यावरून पाय काढले. खुर्चीत बसले. "डॉक्टरकडं गेलो असतो तर तुमी सगळं थांबवलं असतं. हिनं चार वर्षं घासली. म्हटलं, लायसन येऊ दे. एकदा हिच्यासंगं गावात उतरू दे. भावकी बघेल. मग काय व्हायचं ते होऊ दे. ही मशीनवर उभं करील हे डोक्यात नव्हतं माझ्या. मशीनवर खोटं चालत नाही, म्हणून तर लोखंड बांधायला लागलं."

तेजश्रीनं हातातला कागद चुरगाळला. आवाज चढवला नाही. तेच मला जास्त लागलं.

"म्हणजे तुम्हाला शेवटचं गाव बघायचं होतं," ती म्हणाली. "माझं विमान त्यासाठी होतं. आप्पा, शेवटच्या फेरीला मी कुणाला नेत नाही. माझी पहिली फेरी आहे."

आप्पांनी खाली बघितलं. 

आणि मग राजाबाई उठली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. म्हणाली, "गाव रद्द. भावकी कशाला बघेल? हाडं बघायला? बरं व्हा आणि एस्टीनं जा गावाला. जेजुरी पण रद्द, देवाला मी घरनं हात जोडते. तेजे, कोल्हापूरला विमान उतरतं का?"

"उतरतं. परवानगी काढली की उतरतं."

"मग पहिली फेरी कोल्हापूर. दर्शन नाही, पाव्हणे नाहीत. जेवायला जायचं. मटण आणि तांबडा रस्सा. हा माणूस दोन वाट्या मागून घेईल त्या दिवशी विमान काढ. तोपर्यंत तुझं लायसन ठेव कपाटात."

"कपाटात नाही ठेवता येत आई, सराव लागतो."

"मग एकटी उड. आमच्याशिवाय."

दुसऱ्या दिवशी आप्पांना दवाखान्यात नेलं. छातीचे फोटो काढले, थुंकी तपासली. क्षय निघाला, फुफ्फुसाचा. औषधानं बरा होतो, डॉक्टर म्हणाले, पण सहा महिने एक गोळी चुकवायची नाही, आणि इतके दिवस काय करत होता? घरच्या सगळ्यांना तपासलं. बाकी तिघं साफ निघाले. राजाबाईनं ते तीन रिपोर्ट देवाऱ्यात ठेवले आणि आप्पांच्या गोळ्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत.

मला परत बाल्कनीत कुणी नेलं नाही. मी हॉलमध्येच आहे, टीव्हीच्या शेजारी. दर रविवारी आप्पा माझ्यावर उभे राहतात, बनियन आणि हाफ पँट. आधी उतरलेच, साठ आणि वर चारशे ग्रॅम. त्या रविवारी घरात कुणी जेवलं नाही, एकटे आप्पा सोडून. त्यांना राजाबाईनं समोर बसून भरवलं, शिव्या देत. पुढच्या महिन्यापासून आकडा फिरला.

मग तेजश्रीनं नवी बेरीज मांडली. कोल्हापूर लांब, पण परतीचं तेल तिथं भरायचं, म्हणून दोनशे नव्वदच धरायचे. डॉक्टर म्हणाले, सत्तर झाले की प्रवासाला हरकत नाही. पण आप्पा सत्तर झाले तर चौघांचे दोनशे शहाण्णव होतात. आप्पांचं वाढायला पाहिजे आणि कुणाचं तरी उतरायला पाहिजे. तिघांनी रणजीतकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय?" रणजीत म्हणाला. "साडी उतरवा की आईची."

"सहा किलो," तेजश्री म्हणाली. "पंच्याऐंशीवर ये. नाहीतर आम्ही तिघं जातो, तू खाली उभा राहून टाटा कर."

तेव्हापासून एका ताटात तूप पडतंय आणि दुसऱ्या ताटात काकडी. रणजीत सकाळी खारघरच्या टेकडीला जातो, परत येतो ते शिव्या देतच येतो. राजाबाई आप्पांना म्हणते, "खा, तुमी नाही खाल्लं तर त्याचे हाल फुकट जातील." आप्पा खातात.

आता मी म्हातारी झालेय. डाव्या कोपऱ्यात गंज चढलाय, आकड्यातली एक रेघ कधी लागते कधी नाही. किती दिवस काढीन माहीत नाही. मला जास्त कळत नाही, पण वाचणाऱ्यांना एक सांगते. घरातल्या माणसाला डोळ्यांनी तोलू नका. रिकामा डबा बघून माणूस जेवला म्हणू नका. दर महिन्याला त्याला काट्यावर उभं करा. त्याला राग आला तर येऊ दे. आणि तुम्ही स्वतः चढाल तेव्हा श्वास सोडा. मी काही न्यायाधीश नाही. जेवढं असेल तेवढंच सांगते.

आज रविवार. आप्पा चढले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, आणि मग आकडा मार्केटातल्या आवाजात पुकारला. सहासष्ट. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. मग रणजीत चढला. अठ्ठ्याऐंशी.

तेजश्रीनं भिंतीवर पेन्सिलनं लिहिलं. आप्पांचे चार बाकी, रणजीतचे तीन.