दारापाशी जुळलेला जोड

सगळे फोटो एकाच दिवशी काढ, असं फ्लेक्स छापणाऱ्या विकीने मला बजावलं होतं. मध्ये दिवस गेले तर जोड बसणार नाहीत, गल्ली काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का? मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं.

विहाराच्या भिंतीवर आमची टेमघरची अख्खी गल्ली एका लांब पट्टीत लावायची होती. रविवारी सकाळी माझ्या लेकीला, पूर्वीला कडेवर घेऊन दर चार पावलांवर फोटो काढत निघाले. द्रौपदीमावशीच्या दारापर्यंत पोचले आणि पोरीने भोकाड पसरलं. उरलेली गल्ली गुरुवारी काढली. जोडायला सोपं जावं म्हणून तीन दारं मागून सुरुवात केली. पूर्वीचं अंग तापलं होतं, म्हणून तशीच दुपारी वळ गावाला आईकडे आले.

आज सकाळी लॅपटॉपवर जोडायला बसले. विकीचं खरं निघालं. मनालीच्या दारात रविवारी स्कूटर, गुरुवारी नुसती बादली. कमळाकाकूंचा पडदा बदललेला. मावशीच्या दाराशी मात्र जोड पहिल्या फटक्यात बसला. मला बरं वाटलं. मग दोन्ही फोटो मोठे करून पाहिले.

दोरीवर तीच पोपटी साडी, तशीच एका बाजूला घसरलेली. दार बंद, बाहेर कुलूप नाही. पायरीवर चपला, डावी उलटी.

मावशी दुसऱ्याच्या दारातली उलटी चप्पलसुद्धा वाकून सरळ करते. माझी करताना एकदा म्हणाली होती, "शिकलेली हायस ना, मग चप्पल बघून काढायला काय जातंय?"

गुरुवारी मी तिथेच उभी होते. मला पोरीचा ताप तेवढा दिसत होता.

मावशी एकटी राहते, गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. तिचा फोन बंद लागतोय. माझा नवरा मिलिंद नाशिकला ड्युटीवर. मनालीला ऑफिसात फोन केला तर ती हसली. "माधवी, पूर्वी शिंकली तरी तुला न्यूमोनिया दिसतो. मावशीची शिफ्ट बदलली असेल." संध्याकाळी घरी आल्यावर बघते म्हणाली.

पूर्वीला आईपाशी ठेवून मी रिक्षात बसलेय. पुढे ट्रकच ट्रक, रिक्षा हलत नाही. तुम्ही टेमघरला जवळपास असाल तर एवढं करा. विहारावरून पुढे या, डाव्या हाताला पोपटी साडी वाळत घातलेलं दार. हाक मारा. ओ आली नाही तर शेजारच्यांना बोलवा, दार तोडावं लागलं तर तोडा. मला हसायचं ते नंतर हसा, आधी मावशीला बघा.