स्विचवरचा हात

डेस केटलवेलच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभीच राहिली नाही. गाडी बिचारी बाहेर, समुद्रावरून येणारा खारा वारा खात गंजत होती, आणि आत कोरड्यात, ब्लँकेटं पांघरून, साठ-साठ वर्षांचे ॲम्प्लिफायर नांदत होते. दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचे, लोखंडी, एकट्याने उचलले तर कंबर धरेल असे. बर्नी गावातल्या म्हाताऱ्यांनी आपल्या अडगळीतलं धूड आणून डेसच्या दारात टाकावं आणि डेसने दोन-तीन महिने त्याची सेवा करून त्याला पुन्हा गातं करावं, हे एकोणीस वर्षं चाललं होतं.

त्याची बायको ग्लेनिस ती एकोणीस वर्षं एका खुर्चीवर बसत आली होती. खुर्ची भिंतीला टेकून, विजेच्या स्विचच्या बरोबर खाली. उघड्या यंत्रात वीज सोडली की खोलीत दुसरं माणूस हवं आणि त्याचा हात स्विचवर हवा, हा कागदाच्या गिरणीतला नियम डेसने घरी आणला होता. गिरणीत त्याने एकेचाळीस वर्षं वायरमनचं काम केलं होतं. “मला विजेला चिकटलेलं पाहिलंस तर मला धरायचं नाही,” असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आधी स्विच, मग फोन, आणि मग वेळ उरला तर रडायचं.”

ग्लेनिस तेव्हा हसली होती. हल्ली तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

कारण वीज बंद केली म्हणजे काम संपत नाही. असल्या यंत्राच्या पोटात दोन मोठे कंडेन्सर असतात, एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्या. प्लग काढला तरी ते पाचशे व्होल्ट दाबून बसतात, आणि व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असले तर ती वीज जाणार तरी कुठे? म्हणून डेसकडे एक लाकडी काठी होती, टोकाला तांब्याची पट्टी आणि मागे यंत्राच्या लोखंडाला चिमट्याने जोडायची लांब वायर लावलेली. ती एकेका कंडेन्सरला टेकवायची आणि तीसपर्यंत मोजायचं. डावा हात सगळा वेळ खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जायला वाट नको. मग मीटर लावायचा. काटा शून्यावर आला की मोठ्याने म्हणायचं, “मेलंय.” खुर्चीतल्या माणसाने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच त्याने उत्तर द्यायचं, “मेलंय.” ते उत्तर आल्याशिवाय डेस आत बोट घालत नसे.

आणि नेमकी ह्या उत्तरातच ग्लेनिसने माती खाल्ली होती.

पंधरा दिवसांपूर्वीचा मंगळवार. ती शब्दकोडं सोडवत होती. डेस म्हणाला, “मेलंय,” आणि तिने मान वर न करता म्हटलं, “मेलंय.” खरं सांगायचं तर अशी न बघता दिलेली उत्तरं तिने गेल्या काही वर्षांत शेकड्याने दिली होती. त्या दिवशी फटाक्यासारखा आवाज झाला, स्टूल उलटलं, स्क्रूंची थाळी भिंतीवर जाऊन आदळली आणि डेस जमिनीवर बसलेला दिसला, उजव्या हाताची तर्जनी तोंडात घालून. बोटाच्या टोकाला वाटाण्याएवढा पांढरा डाग पडला होता.

“मी काठी लावली होती ना?” त्याने विचारलं. “तू पाहिलंस ना, ग्लेन?”

ती म्हणाली, “हो, पाहिलं की.”

एवढंच. लाज वाटली म्हणून, आणि पुढे विचारू नये म्हणून. डेसने त्यावरून ठरवून टाकलं की काठीतच दोष असणार. दुसऱ्या दिवशी त्याने नवी काठी बनवली, तिला तीन वेळा पॉलिश केलं आणि शिटी वाजवत फिरला. त्याच आठवड्यात डेस दूध आणायला गेला तो दीड तासाने आला. गाडी गिरणीच्या फाटकाशी लावून बसलो होतो म्हणाला, पाळी सुरू व्हायची वाट बघत. गिरणी बंद होऊन तेरा वर्षं झाली होती. “सवय गं,” असं म्हणून तो हसला होता आणि तीही त्याच्याबरोबर हसली होती, पण रात्री ती त्याच्या पाठीला पाठ लावून जागी पडून होती.

आज शुक्रवार. टेबलावर लिंडसे पेट्रुस्माचा ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्ह काढून, पालथा घातलेला होता. लिंडसे म्हणजे गावातला निवृत्त हेडमास्तर. उद्या दुपारी त्याच्या घरी बैठक होती, सहा-सात म्हाताऱ्यांची, ज्यात कोणी बोलायचं नसतं, फक्त संगीत ऐकायचं. असल्या बैठकांत ग्लेनिसला खरोखर सुख लागत असे. व्हॉल्व्ह तांबूस होत जातात, खोलीत तापलेल्या धुळीचा वास पसरतो, आणि मग तंतुवाद्याचा खालचा सूर असा निघतो की खुर्चीच्या लाकडातून तो मांडीला कळतो. डेस नेहमी मधली खुर्ची तिला देई. तेवढ्यासाठी तिने एकोणीस वर्षं ह्या गॅरेजची थंडी सोसली होती.

आज तिने शब्दकोडं आणलं नव्हतं. ती डोळ्यांत तेल घालून बसली होती आणि स्विचवरचा हात दुखायला लागला तरी तिने तो काढला नव्हता.

डेसने वीज सोडली, दोन ठिकाणी मीटर लावून पाहिला, मान डोलावली. “बंद कर.” तिने स्विच बंद केला. त्याने प्लग ओढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला.

“तुला तो बार्नी आठवतो का गं?” डेस म्हणाला. “आमच्या पाळीचा मुकादम. एकदा साहेब पाहणीला आला, तर ह्या गड्याने स्विचच्या पेटीत आपला पाय गरम करायला ठेवलेला. पाय म्हणजे खायचा पाय, शिंपल्यांचं सारण भरलेला.” तो स्वतःच्याच गोष्टीवर खुदखुदला. “साहेब म्हणतो, हा वास कसला? बार्नी म्हणतो, साहेब, वायर जळतेय, बाहेर जा, मी बघतो.”

“ऐकलंय मी हे,” ती म्हणाली. तिचं लक्ष काठीकडे होतं. काठी खिळ्याला टांगलेली होती.

डेसने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. छोटी पक्कड उचलली. डावा हात खिशात घातला.

“मेलंय,” तो म्हणाला.

काठी खिळ्यावरच होती. क्षणभर ग्लेनिसला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपलीच पापणी लवली असेल का? पण तीस मोजायला लागतो तेवढा वेळ कोणाची पापणी लवत नाही.

“मेलंय, म्हटलं मी. झोपलीस का?”

“नाही मेलं.”

डेस तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कौतुक होतं, नवशिक्या पोराकडे बघावं तसं. “अगं बाई, आत्ता तुझ्यासमोर दोन्हीकडे काठी लावली. तीस-तीस मोजले. मीटर लावला. तुझं लक्ष कुठं होतं?”

“तुझ्यावर होतं. तू प्लग काढलास. मग बार्नीची गोष्ट सांगितलीस. मग चष्मा पुसलास.”

“आणि त्याआधी काठी लावली.”

“नाही लावलीस, डेस.”

“ग्लेन, एकेचाळीस वर्षं हेच केलंय मी. मला आठवतंय ना, पट्टी टेकवली तेव्हा बारीकशी ठिणगी उडाली.”

त्याला आठवत होतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि ह्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. विसरलेल्या माणसाला आठवण करून देता येते. ज्याला न घडलेलं आठवतं त्याला काय सांगायचं?

“उद्या लिंडसेकडे द्यायचंय हे,” तो म्हणाला आणि पक्कड आत न्यायला लागला.

ग्लेनिस खुर्चीतून कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. पक्कड कंडेन्सरपासून बोटभर अंतरावर थांबली. “हात बाहेर काढ,” ती म्हणाली. “आधी बाहेर काढ.”

“वेड लागलंय का तुला? कामाच्या माणसाला धरतात का?” आता मात्र तो चिडला. त्याने मनगट सोडवून घेतलं, पक्कड आपटली आणि पिवळ्या मुठीचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. “बघायचंय ना? बघ. मेलेल्याला किती मारायचं ते.” आणि त्याने त्याचं पातं उजव्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर आडवं टेकवलं.

धडाम आवाज झाला. पांढरा उजेड पडला, गॅरेजचा पत्रा वाजला, जळक्या धातूचा वास आला. ग्लेनिसने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा डेस उभाच होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्याचा एक कोपरा उडून गेला होता आणि तो त्या जागेकडे बघत होता.

ग्लेनिसने टेबलाची कड धरली, मग भानावर येऊन झटकन सोडली, कारण त्याच टेबलावर तो दुसरा, डावा कंडेन्सर अजून तसाच भरलेला बसला होता.

“मी लावली होती,” डेस म्हणाला. आवाज लहान झाला होता. “मला दिसतंय ते अजून, डोळ्यांसमोर.” तो स्टुलावर बसला. “मग त्या मंगळवारी? मंगळवारी तर तू पाहिलंस. तेव्हा लावली होती मी. तेव्हा काठी वाईट होती. हो ना?”

आता हो म्हणणं किती सोपं होतं. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की तो त्या एका ‘हो’ला धरून बसला आहे. ग्लेनिसला तो ‘हो’ तोंडात तयार झालेला जाणवला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“मी पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी शब्दकोडं सोडवत होते. न बघता मेलंय म्हटलं आणि मग न बघता हो म्हटलं. मला लाज वाटली, डेस. तुझा जीव गेला असता माझ्यामुळे.”

डेसने आपल्या तर्जनीकडे पाहिलं. डाग आता पिवळट झाला होता.

“मला वाटायचं,” तो हळूहळू म्हणाला, “माझं डोकं जरा इकडेतिकडे झालं तरी चालेल, ग्लेन बघतेय. जे मला कळत नाही ते तिला विचारीन. गिरणीच्या फाटकावर बसलो होतो ना, तेव्हा मनात हेच आलं. ग्लेनला विचारू. मग आता मी कोणाला विचारायचं?”

तिला रडू आवरेना. डोळे पुसायला तिने रुमाल शोधला, मिळाला नाही, तेव्हा बाहीने पुसले. “मलाच विचार,” ती म्हणाली. “आता खोटं नाही सांगणार. वाईट असलं तरी सांगेन.”

“आणि सांगितलंस, आणि मला पटलं नाही, आजच्यासारखं?”

“तर मनगट धरीन, आजच्यासारखं.”

तो हसला नाही. उठला, खिळ्यावरची काठी काढली आणि तिच्यापुढे धरली. “डावा राहिलाय. मी नाही लावत. मी लावली तर मला वाटेल लावली, आणि मला त्याचा आता भरवसा नाही.”

ग्लेनिसने एकोणीस वर्षांत ह्या यंत्रांना आतून बोट लावलं नव्हतं. पण काठी तिने घेतली.

“डावा हात खिशात,” डेस म्हणाला.

“ह्या स्कर्टला खिसा नाही.”

“मग पाठीमागे. आणि पट्टीला नाही, लाकडाला धर. अजून मागे. वायरचा चिमटा लोखंडाला लागलाय, बघ. हां.”

तो मागे सरला आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसला. प्लग टेबलावरच होता, तरी त्याने हात वर करून स्विचवर ठेवला. ग्लेनिस यंत्रावर वाकली. तिने काठीचं टोक डाव्या कंडेन्सरवर टेकवलं. चट् करून एक निळी ठिणगी उडाली, पण तिने काठी दाबून धरली.

“एक,” ती म्हणाली. “दोन. तीन.”

“ग्लेन.”

“चार. काय?”

“इथून फार भीती वाटते गं,” डेस म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “आता बोलू नकोस, मला मोजू दे. पाच. सहा.”